एअर पिस्तूलची पेलेट कशी निवडावी: डब्यापासून कागदावरच्या भोकापर्यंत

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलचं कांस्य घेतलं आणि चारच दिवसांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलचं. तेव्हापासून आपल्याकडे लातूर, बीड, नांदेड, परभणीच्या पालकांचे प्रश्न वाढलेत. पिस्तूल कुठलं घ्यायचं हे प्रत्येक जण विचारतो. पेलेट, म्हणजे त्यात भरायची शिशाची छोटी गोळी, कुठली घ्यायची हे फार थोडे विचारतात, आणि जे विचारतात त्यांना दुकानदार जो डबा हातात देईल तोच उत्तर असतो. लाख-दीड लाखाच्या पिस्तुलात मिळेल ती पेलेट भरून मुलगा वर्षभर घाम गाळतो, आणि आठ लागला की स्वतःच्या मनगटाला दोष देतो. हे मला फार लागतं, म्हणून हा लेख जरा विस्तारानं लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इंटरनेटवर परदेशी पिस्तूल नेमबाजांचे व्हिडिओ पाहून काही मुलं विचारतात की शिसं वितळवून, साच्यात ओतून घरीच गोळ्या पाडता येतील का. अमेरिकेत बुल्सआय प्रकार खेळणारे बरेच लोक तसं करतात. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. शिवाय २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलमध्ये चालतं ते .२२ चं रिमफायर काडतूस, आणि ते एकदा उडालं की पुन्हा भरण्याजोगं राहत नाही. तेव्हा साचा आणि भट्टी डोक्यातून काढून टाका. अचूकतेचं जे काम तिकडचा माणूस साच्यापाशी करतो, ते आपण निवडीतून आणि चाचणीतून करायचं. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. आपलं स्पर्धेचं एअर पिस्तूल पाच-सहा ज्यूलचं असतं, त्यामुळे हे सगळं काम सरळ, कायद्यात राहून करता येतं.

दहाचं वर्तुळ आणि थोडं गणित

एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, त्याच्या आतलं इनर टेन ५ मिलिमीटरचं, आणि प्रत्येक पुढचं वर्तुळ व्यासानं १६ मिलिमीटरनं मोठं. पेलेटची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरवर असला तरी तो दहाच. दशांशात मोजलं तर दर ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो.

आता पिस्तूल पक्कं बांधून दहा पेलेट मारल्या, तर चांगल्या जुळलेल्या लॉटचा (एकाच वेळी बनलेल्या पेलेटच्या खेपेचा) पसारा, म्हणजे सगळ्यात दूरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, साधारण ३ मिलिमीटर येतो. न जुळणार्‍या किंवा स्वस्त पेलेटचा १२ मिलिमीटरही येऊ शकतो. नेमबाजाच्या हाताचा पसारा आणि पेलेटचा पसारा एकमेकांत सरळ मिळवायचा नसतो. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. दहावीच्या मुलाला जमेल असं हे गणित आहे.

समजा नवशिक्या मुलाचा हात ३० मिलिमीटरचा गट (भोकांचा एकूण पसारा) मारतो. चांगल्या पेलेटनं त्याचा गट ३०.१ होतो, वाईट पेलेटनं ३२.३. फरक दोन मिलिमीटरचा. आता ज्याचा हात १८ मिलिमीटरवर आला आहे असा राज्य पातळीचा खेळाडू घ्या. चांगल्या पेलेटनं त्याचा गट १८.२, वाईट पेलेटनं २१.६. त्याच वाईट पेलेटनं त्याचं नुकसान जवळपास साडेतीन मिलिमीटर होतं, आणि ६० शॉट्सच्या पात्रता फेरीत तेवढ्यात अनेक दहांचे नऊ होतात.

यातून माझं मत बनलं आहे ते असं: पहिल्या वर्षभरात पेलेटवर फार पैसे घालू नका, पण ६०० पैकी ५४०-५५० गुणांच्या पुढे जायला लागलात की पेलेट तपासल्याशिवाय एकही महत्त्वाची स्पर्धा खेळू नका. मधल्या काळात बिघडलेल्या, वाकलेल्या पेलेट न वापरणं एवढं पुरेसं आहे.

डब्यावर काय वाचायचं

स्पर्धेसाठी सपाट डोक्याची, म्हणजे वॉडकटर पेलेट वापरतात, कारण ती कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडते. टोकदार किंवा घुमटाकार डोक्याची पेलेट कागद फाडते आणि गुण वाचताना भांडणं होतात. ती शिकारीच्या रायफलवाल्यांसाठी आहे, आपल्या कामाची नाही.

वजन दोन मुख्य गटांत पडतं. पिस्तूलसाठी म्हणून विकल्या जाणार्‍या पेलेट हलक्या असतात: आर डब्ल्यू एस आर-१० मॅच पिस्तूल ०.४५ ग्रॅमची, एच अँड एन फिनाले मॅच पिस्तूल ०.४९ ग्रॅमची. रायफलच्या साधारण ०.५३ ग्रॅमच्या. रायफलची पेलेट पिस्तुलात चालत नाही असा एक समज आहे, तो चुकीचा. काही पिस्तुलांना ती हलकीपेक्षा जास्त मानवते. चाचणीत एखादा रायफलचा डबाही जरूर घ्या.

त्यानंतर डोक्याचा व्यास. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे छापलेले असतात. एका नळीला ४.४९ आवडते, दुसरीला ४.५०, आणि दोन्ही नळ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या असू शकतात. 'अमक्या पिस्तुलाला अमका व्यास' असं कुणी ठामपणे सांगितलं तर ऐकून घ्या आणि तरीही तपासा.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र लॉट नंबर. पेलेट ज्या डायवर दाबून बनते ती डाय झिजते, बदलली जाते, शिशाची तार बदलते. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच व्यासाच्या दोन डब्यांतल्या पेलेट वेगळ्या वागू शकतात. तुम्ही निवडता ती कंपनी नव्हे, तुम्ही निवडता तो लॉट. डब्याच्या तळाशी किंवा लेबलच्या कडेला तो छापलेला असतो. डबा उघडण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण लेबल घामानं आणि तेलानं पुसलं जातं.

चाचणीसाठी डबे कसे जमवायचे

इथे मराठवाड्याची अडचण खरी आहे. मुंबई-पुण्याचा खेळाडू दुकानात जाऊन चार डबे हाताळून पाहू शकतो. आपल्याला फोनवर मागवावं लागतं, आणि येतं ते येतं. म्हणून एकट्यानं खरेदी करू नका. रेंजवर चार जण एअर पिस्तूल खेळत असाल तर चौघांनी चार वेगळे लॉट मागवा, आणि प्रत्येकानं आपल्या डब्यातल्या साठ-साठ पेलेट बाकीच्या तिघांना द्या. प्रत्येकाचा खर्च एका डब्याचा, आणि प्रत्येकाला चार लॉट तपासायला मिळतात. उरलेल्या पेलेट सरावात जातात, काहीच वाया जात नाही.

मागवताना विक्रेत्याला एवढं विचाराच: "या लॉटचे तुमच्याकडे अजून किती डबे आहेत? पंधरा दिवस राखून ठेवाल का?" ज्या लॉटचा एकच डबा उरला आहे तो तपासून उपयोग नाही. उत्तम निघाला तरी पुढचा मिळणार नाही, आणि मग हळहळ तेवढी उरते.

डबा उघडल्यावर

पांढरा कोरा कागद टेबलावर पसरा, खिडकीच्या उजेडात बसा, आणि पन्नासेक पेलेट हळूच ओता. पेलेटला कमरेतून बारीक आकार असतो: पुढे डोकं, मागे पोकळ घेर. घेराची कड कागदासारखी पातळ असते आणि तिथंच सगळा खेळ बिघडतो. हवेचा दाब मागून त्या घेरात शिरतो, कड फुगवून नळीच्या खाचांत बसवतो आणि पेलेटला फिरकी मिळते. घेर एका बाजूनं दबलेला असेल तर हवा तिथून आधी निसटते आणि पेलेट नळीच्या तोंडातून बाहेर पडताना तिरकी ढकलली जाते.

पेलेट घेराच्या बाजूनं डोळ्यासमोर धरा. निरोगी घेर पूर्ण गोल दिसतो. दबलेला घेर अंड्यासारखा लांबट दिसतो, किंवा कडेवर छोटी सपाट जागा चमकते. डोक्याच्या कडेला शिशाची बारीक सळ उभी राहिलेली आहे का तेही पाहा. अशा पेलेट वेगळ्या डबीत टाका, त्या वॉर्मअपच्या शॉट्सना चालतील. बोटानं घेर सरळ करायचा प्रयत्न मात्र करू नका, तो कधीच पूर्ण गोल होत नाही.

ज्याला अजून एक पायरी पुढे जायचं आहे त्यानं काचेची चाचणी करावी. खिडकीची सपाट काच थोडी तिरकी ठेवा, वर एका खुणेवर पेलेट आडवी ठेवून सोडा. डोकं आणि घेर यांचा व्यास वेगळा असल्यामुळे ती सरळ न जाता वळण घेत खाली येते. सारख्या मापाच्या पेलेट एकाच जागी येऊन थांबतात. जी फार आधी किंवा फार पुढे जाते तिचं डोकं किंवा घेर वेगळ्या मापाचा आहे. मायक्रोमीटरनं डोकं मोजायच्या फंदात पडू नका. शिसं इतकं मऊ आहे की मोजतानाच माप बदलतं. चिकलठाणा, वाळूजच्या टूलरूममध्ये काम करणारे पालक हे हमखास करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वजन करावं का?

गावोगावी सराफाकडे वजनकाटा आहे, त्यामुळे वजनाचा मोह सगळ्यांना होतो. यावर गणितच बोलू दे. पेलेट १५० मीटर प्रति सेकंद वेगानं सुटली तर १० मीटरला ती साधारण २१.८ मिलिमीटर खाली येते. वेग १४७ झाला तर २२.७. म्हणजे वेगात तीन मीटरचा फरक पडला तरी उंचीत एक मिलिमीटरसुद्धा फरक पडत नाही. आता ०.४९ ग्रॅमच्या पेलेटमध्ये ०.०१ ग्रॅमचा फरक, म्हणजे दोन टक्के. ऊर्जा तीच राहिली तर वेग एक टक्क्यानं बदलतो आणि कागदावर फरक पडतो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यातून चांगल्या कंपनीच्या मॅच पेलेटमध्ये इतका फरक सहसा नसतोच.

०.०१ ग्रॅम दाखवणार्‍या काट्यावर पेलेट वेचत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे. ०.००१ ग्रॅमचा काटा मिळाला तर एका लॉटमधल्या वीस पेलेट तोलून पाहा. बहुतेक एकाच आकड्याभोवती असतील तर लॉट नीट आहे. आकडे विखुरलेले असतील तर त्या लॉटकडे संशयानं पाहा. वजनाचा उपयोग लॉटचा स्वभाव ओळखण्यापुरता आहे, एकेक पेलेट निवडण्यासाठी नाही. वाचलेला तास ड्राय फायरिंगला, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबायच्या सरावाला द्या.

पिस्तूल बांधणं

चाचणीचा जीव इथे आहे. हातानं मारून पेलेट तपासली तर तुम्ही पेलेट नाही, त्या दिवसाचा हात तपासता.

जड लोखंडी टेबल, किंवा भिंतीला बोल्टनं पक्कं केलेलं फळीचं बाक घ्या. त्यावर फिटरचा व्हाइस बसवा. व्हाइसच्या जबड्यात सागवानाचे दोन तुकडे आणि त्यांना आतून चामड्याची किंवा रबराची पट्टी लावा. पिस्तुलाची लाकडी ग्रिप काढून त्याखालची धातूची फ्रेम त्या तुकड्यांत धरा. नळी कधीही जबड्यात धरू नका, ती ताणली जाते आणि निकाल खोटा येतो. हवेच्या सिलिंडरला तर व्हाइसचा स्पर्शही होता कामा नये. त्यात २०० बारपर्यंतचा दाब असतो. त्याच्यावर खाच पडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

बांधून झाल्यावर साइट्समधून (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खाचेतून) टार्गेटवरची एक खूण पाहा. लोडिंगचा खटका उघडा, बंद करा, पुन्हा पाहा. खूण हलली असेल तर पकड सैल आहे. असं दहा वेळा करूनही हललं नाही, तरच पुढे जा.

मागे एका पालकानं बीड जिल्ह्यातून फोन केला होता.

"सर, तीन डबे मारून पाहिले. तिन्हीचा गट सारखाच येतो, पंचवीस मिलिमीटर."

"दादा, पिस्तूल कशात धरलं होतं?"

"पोरानं टेबलावर कोपर टेकवून मारलं."

"मग तो पोराच्या कोपराचा गट आहे. पेलेटचं अजून काहीच कळलेलं नाही."

व्हाइसची सोय खरोखरच नसेल तर वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून, खुर्चीत बसून, दोन्ही हातांनी मारा. पण मग लॉट आलटूनपालटून घ्या: पहिल्या लॉटचा एक गट, दुसर्‍याचा एक, तिसर्‍याचा एक, पुन्हा पहिल्याचा. सलग एकाच लॉटचे पाच गट मारले तर शेवटच्या लॉटच्या वाट्याला थकवा आणि उतरता उजेड येतो.

मारायचं कसं, मोजायचं कसं

सिलिंडर भरलेला हवा, आणि चाचणी संपेपर्यंत काटा खालच्या टोकाकडे जाऊ देऊ नका. नळी चाचणीच्या आधी साफ करू नका. स्वच्छ नळीतले पहिले काही शॉट भरकटतात, कारण आतला शिशाचा आणि तेलाचा पातळ थर अजून बसलेला नसतो. लॉट बदललात की आधी दहा पेलेट न मोजता मारा, म्हणजे नळी नव्या पेलेटशी जुळेल, मग मोजायला सुरुवात करा.

एका लॉटचे पाच गट, प्रत्येक गट दहा शॉट्सचा. यात काटकसर करू नका. पाच शॉट्सचा एकच गट नशिबानं छान येतो आणि तेवढ्यावर मुलं वीस डब्यांची ऑर्डर देतात. पुढच्या महिन्यात तोच लॉट दुप्पट पसरतो.

टार्गेट जाड पुठ्ठ्याचं, एकाच गठ्ठ्यातलं घ्या. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि भोकाच्या कडा चिंध्या होतात, तेव्हा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. टार्गेटच्या मागे दुसरा पुठ्ठा घट्ट लावला तर भोक जास्त स्वच्छ पडतं.

आता मोजणी. दहा शॉट एकमेकांत मिसळून एकच मोठं भोक झालेलं असतं. व्हर्निअरनं त्या भोकाची सगळ्यात लांब बाजू बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. ७.५ मिलिमीटर आलं तर तुमचा गट ३ मिलिमीटरचा. कागद फाटून कड आत वळलेली असते, ती नखानं हळूच दाबून सपाट केल्याशिवाय मोजू नका. भिंग असेल तर फारच उत्तम: पेलेटच्या शिशाचा काळसर वळसा भोकाभोवती उमटलेला दिसतो, आणि खरी कड तोच दाखवतो, फाटलेला कागद नव्हे.

पाच गटांची सरासरी काढा. त्याबरोबरच पाचांतला सगळ्यात वाईट गटही लिहा. माझ्या मते निवडीत त्याला सरासरीइतकाच मान द्यावा. सरासरी ३.२ आणि वाईटात वाईट ३.९ असा लॉट मला सरासरी २.९ आणि वाईटात वाईट ६ असलेल्या लॉटपेक्षा जवळचा वाटतो. स्पर्धेत त्या सहाच्या गटातली भरकटलेली पेलेट तुमच्या सगळ्यात चांगल्या शॉटच्या वाट्याला येऊ शकते. नऊ पेलेटमुळे लागला हे तुम्हाला कळत नाही, तुम्ही पुढचे तीन शॉट स्वतःला दुरुस्त करण्यात घालवता. खरं नुकसान तिथे होतं.

दोन लॉटमध्ये दहाएक टक्क्यांचाच फरक असेल तर तो फरक समजू नका. स्वस्त असेल किंवा जास्त डबे मिळत असतील तो घ्या.

सगळेच लॉट वाईट आले तर पेलेट बाजूला ठेवा आणि पिस्तूल पाहा. नळीच्या तोंडाशी, कॉम्पेनसेटरच्या (झटका कमी करणार्‍या टोकाच्या भागाच्या) आत शिशाचा थर साचून पेलेटला शिवतो का? पेलेट जिथे बसते तिथली रबरी ओ-रिंग चिरलेली आहे का? नळी धरणारा स्क्रू सैल झालाय का? जुनं, दोन-तीन हातांतून आलेलं पिस्तूल घेतलं असेल, आणि आपल्याकडे बरेच जण तेच घेतात, तर ही तपासणी पेलेटच्याही आधी करावी.

किती घ्यायच्या

आठवड्यातून पाच दिवस, रोज ६० शॉट मारणार्‍याला महिन्याला बाराशेच्या वर पेलेट लागतात. म्हणजे ५०० चा एक डबा दोन आठवडेही पुरत नाही. वर्षभर सगळा सराव महागड्या मॅच पेलेटवर करणं बहुतेक घरांना झेपणारं नाही, आणि गरजही नाही. सरावाला आर डब्ल्यू एस हॉबीसारखी साधी सपाट पेलेट वापरा. तपासलेला लॉट स्पर्धेसाठी आणि स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा. एका सामन्याला सायटिंगसकट (सामन्याआधी नेम जुळवायच्या शॉट्ससकट) ८० ते ९० पेलेट जातात, सोबत १०० न्याव्यात. शालेय जिल्हा आणि विभागीय फेर्‍या, राज्य स्पर्धा, पुढे जमलं तर अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा, असा हंगाम धरला तर पाच-सहा डबे पुरतात. लॉट पसंत पडला की हे पाच-सहा डबे एकदमच घ्या.

एक सावधगिरी. सरावाची पेलेट ०.४५ ग्रॅमची आणि स्पर्धेची ०.४९ ची असेल तर कागदावर उंचीत सुमारे दोन मिलिमीटरचा फरक पडतो, बाजूलाही थोडा पडू शकतो. पेलेट बदलल्यावर साइटचे किती क्लिक कुठे फिरवायचे हे वहीत लिहून ठेवा. स्पर्धेच्या सकाळी सायटिंगच्या वेळात ते शोधत बसायला लागू नये.

जपणूक आणि प्रवास

निवडलेल्या पेलेटचं सगळ्यात मोठं नुकसान डब्यातच होतं. लातूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीनं किंवा बीडहून पुण्याला एसटीनं जाताना अर्धा रिकामा डबा सॅकमध्ये टाकला, की पेलेट रात्रभर एकमेकींवर आपटतात आणि सकाळी घेर दबलेले मिळतात. डब्यातली रिकामी जागा स्पंजच्या चकतीनं भरा, झाकणाला चिकटपट्टी लावा. स्पर्धेच्या १०० पेलेट एकेक खाचेच्या ट्रेमध्ये आदल्या दिवशी, उजेडात, निवडून लावा. तिथे गेल्यावर पुन्हा निवडायची गरज राहत नाही आणि मनालाही एक काम कमी होतं.

डबा बंद, कोरडा ठेवा. ओल लागली की शिशावर पांढरी भुकटी धरते, अशी पेलेट स्पर्धेला नको. उन्हाळ्याचा धोका पेलेटपेक्षा सिलिंडरला जास्त आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडला उभ्या गाडीच्या आत ६० अंशांपर्यंत तापमान चढू शकतं. २७ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर तिथे २२० च्या पुढे जातो. तो सावलीत, कापडात गुंडाळून, आपल्यासोबत ठेवा. सिलिंडरवर छापलेली मुदतीची तारीखही पाहून घ्या. मुदत उलटलेला सिलिंडर वापरायचा नसतो, मग पेलेट कितीही चांगली असो.

शिसं आहे, विसरू नका

लोड करायला सोपं म्हणून मुलं दोन-तीन पेलेट ओठांत धरतात. हे पाहिलं की लगेच थांबवा. शिशाची सुरक्षित अशी मात्रा लहान मुलांसाठी नाही. रेंजवर खाणं-पिणं नको, सराव संपला की साबणानं हात धुवायचे, आणि मगच जेवणाच्या डब्याला हात लावायचा. पेलेट ट्रॅपमधली (टार्गेटमागे पेलेट अडवणार्‍या पेटीतली) भुकटी झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ट्रॅपमध्ये साचलेलं शिसं घरी वितळवू नका, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तर मुळीच नाही. ते घट्ट झाकणाच्या डब्यात साठवा आणि वर्षातून एकदा भंगारवाल्याला वजनावर द्या. क्लबला त्यातून पुढच्या टार्गेटच्या कागदाचे पैसे सुटतात.

चाचणीची वही पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. पिस्तुलाचा क्रमांक, पेलेटचं नाव, वजन, डोक्याचा व्यास, लॉट नंबर, पाच गटांची मापं, तारीख, अंदाजे तापमान आणि साइटचे क्लिक, एवढं एका पानावर मावतं. मोजलेलं टार्गेट घडी करून त्याच पानाला चिकटवा. शेवटचे दोन डबे उरले की नव्या लॉटची विचारपूस सुरू करा. जुन्याच्या शंभर पेलेट बाजूला काढा आणि नवा लॉट त्यांच्यासोबत, त्याच दिवशी, त्याच व्हाइसमध्ये तपासा.